कुत्र्याचे प्राथमिक प्रशिक्षण

पाळीव कुत्र्याला माणसांच्या घरात आणि रस्त्यावर वावरता यावे म्हणून त्याला लावायच्या काही मोजक्या सवयी. बोलावल्यावर येणे, बसणे, सांगितल्या जागी थांबणे, पट्टा न ओढता चालणे, तोंडातली वस्तू सोडणे आणि ठरलेल्या जागी शी-शू करणे एवढे जमले की बहुतेक घरांची गरज भागते. हात देणे, लोळणे, दोन पायांवर उभे राहणे या गमती झाल्या. आधी त्या शिकवून मोकळे होणारे मालक पुढे रस्त्यावर पट्ट्यामागे फरपटत जाताना दिसतात.

कुत्रा प्रेमापोटी आज्ञा पाळतो ही समजूत गोड आहे, पण प्रशिक्षण तिच्यावर चालत नाही. ज्या कृतीतून फायदा होतो ती प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून मांडले आणि पुढे त्यांच्याच देशातील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विस्ताराने अभ्यासले. व्यवहारात सगळे वेळेवर अवलंबून असते. बक्षीस कृतीनंतर सेकंदाभरात मिळायला हवे. कुत्रा बसतो, मालक खिशात खाऊ चाचपत राहतो, तोवर कुत्रा उठून हात हुंगू लागतो आणि खाऊ मिळतो तेव्हा तो उभा असतो. चार वेळा असे झाले की त्याच्या लेखी बक्षीस उठण्याचे ठरते. म्हणून खाऊ आधीच हातात घ्यावा. त्याचे तुकडे तुरीच्या डाळीएवढे असावेत. उकडलेले चिकन, पनीर, उकडलेले अंडे चालते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा व लसूण कुत्र्याला विषारी आहेत.

कुत्र्याने आपल्याला टोळीप्रमुख मानले पाहिजे, म्हणून त्याला उलटे पाडून दाबून धरावे, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याचे मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील कोंडलेल्या लांडग्यांवर 1947 मध्ये लिहिलेल्या निबंधात आहे. मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले, असे लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये दाखवून दिले. दाबून धरलेला कुत्रा घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

शब्द. मराठी घरांत आज्ञा बहुधा इंग्रजीत असतात, आणि त्यात एक सोय आहे. ‘बस’ हा शब्द पाहुण्याला, मुलाला, भात वाढणाऱ्याला असा दिवसभर उच्चारला जातो. ‘सिट’ मात्र फक्त कुत्र्यासाठी राहतो. मराठी शब्दही उत्तम चालतात. घोटाळा होतो तो आजी ‘बस’, मुलगा ‘सिट’ आणि वडील ‘खाली बस’ म्हणतात तेव्हा. घरातल्या सगळ्यांनी शब्द ठरवून यादी फ्रिजवर लावावी. एकदा उच्चारलेला शब्द पुन्हा पुन्हा म्हणू नये, नाहीतर कुत्रा चौथ्या ‘सिट’ला बसायला शिकतो.

बसणे. खाऊ कुत्र्याच्या नाकाशी धरून हात हळू डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर गेले की बूड आपोआप टेकते. टेकताच खाऊ द्यावा. हात फार उंच गेला तर कुत्रा उडी मारतो. पाच-सहा वेळा जमल्यावर तीच खूण रिकाम्या हाताने करून खाऊ दुसऱ्या हातातून द्यावा. ही पायरी गाळली की कुत्रा खाऊ दिसल्याशिवाय बसत नाही. खूण पक्की झाल्यावर तिच्या क्षणभर आधी शब्द जोडावा. एक सराव पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. दिवाणखान्यात जमलेले जिन्यात, सोसायटीच्या आवारात, मग रस्त्यावर असे जागा बदलून पुन्हा शिकवावे लागते. थांबण्याचा सराव एका सेकंदापासून सुरू करावा. वेळ आणि अंतर एकाच दिवशी वाढवू नये.

बोलावल्यावर येणे. पाच ते दहा मीटर लांब दोरी लावून शिकवावे. आलेल्या कुत्र्याला कधीच रागावू नये, मग त्याने चप्पल फाडलेली असो. दरवेळी बोलावून पट्टाच अडकवला तर बोलावणे म्हणजे खेळ संपणे, हे त्याला आठवड्याभरात कळते. दहातल्या आठ वेळा खाऊ देऊन पुन्हा सोडावे. सुटलेल्या कुत्र्यामागे धावू नये. उलट दिशेने पळावे.

पट्टा. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा घ्यावा. गळ्यातल्या कॉलरखाली दोन बोटे जायला हवीत. कुत्र्याने ओढले की जागच्या जागी उभे राहावे आणि पट्टा सैल झाला की चालावे. पहिल्या दिवशी पन्नास पावलांना पंधरा मिनिटे लागतात. भटके कुत्रे समोर आले तर पट्टा आवळू नये. त्या ताणाने आपला कुत्रा अधिक भडकतो. वळून अंतर वाढवावे.

वर्तनाच्या तक्रारी. बऱ्याच तक्रारी मालकानेच नकळत पोसलेल्या असतात. अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याला ‘नको, नको’ म्हणत ढकलणे हा त्याला खेळ वाटतो. पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीवर असताना लाड करावेत. दुर्लक्ष सुरू केल्यावर आधी काही दिवस उड्या किंवा भुंकणे वाढते. बहुतेक घरे नेमकी तेव्हाच हार मानतात.

दोन महिन्यांच्या पिल्लाला जागे असताना दर दोन तासांनी, तसेच झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर बाहेर न्यावे लागते. लादीवर झालेल्या शूमध्ये नाक घासून काही साधत नाही; पुढच्या वेळी पिल्लू सोफ्यामागे जाऊन करते. अमोनियायुक्त द्रवाने पुसू नये, त्याचा वास लघवीसारखाच असतो. दुधाचे दात पडताना, साधारण चार ते सहा महिन्यांत, चावरेपणा वाढतो. हात काढून चघळायची वस्तू द्यावी.

गुरगुरणे हा इशारा असतो. तो मारून बंद केला की कुत्रा इशारा न देता चावतो. वाडग्यावर गुरगुरणाऱ्याच्या जेवणात हात घालू नये. जाता-जाता लांबून चिकनचा तुकडा टाकावा आणि रोज अंतर थोडे कमी करावे. चावण्यापर्यंत मजल गेली असेल तर पशुवैद्य गाठावा. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी कान, दात, सांधे तपासून घ्यावेत.

भीतीचा पाया लहानपणीच पडतो. प्राणिवर्तनाचे अभ्यासक जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगांवरून 1965 मध्ये दाखवले, की पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसांची व परिसराची ओळख सहज स्वीकारते. हाच काळ लसीकरणाचाही असल्याने पिल्लाला कडेवर घेऊन रिक्षा, लिफ्ट, मिक्सर, कुकरची शिट्टी, वॉचमनची टोपी दाखवावी. भारतात कुत्र्यांच्या पैदास व विक्रीबाबतच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही; आईपासून लवकर तोडलेली पिल्ले पुढे जास्त त्रास देतात.

दिवाळीची तयारी गणपतीतच सुरू करावी: फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावून खाऊ द्यावा आणि कुत्रा निवांत राहील तेवढाच आवाज दर काही दिवसांनी वाढवावा. ऐन लक्ष्मीपूजनाला कपाटामागे दडलेल्याला ओढून काढू नये. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. फार थरथरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्याकडून औषध आधीच आणून ठेवावे आणि त्या आठवड्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला गळ्यात असू द्यावा.