फाळ किती खोल गेला?

नांगरट एकरावर ठरली की शेतमालक घरी बसत नाही. ट्रॅक्टर वावरात शिरला की तोही मागोमाग शिरतो, हातात एखादी तुराटी असते, आणि नांगराचे चार-सहा तास, म्हणजे ओळी, पडल्या की ती मातीत खुपसून बघतो. नांगर चार बोटं वर उचलला की ट्रॅक्टरला ओढ कमी लागते, गिअर वाढवता येतो, डिझेल वाचतं आणि दिवस मावळायच्या आत आणखी एक एकर उरकतो. हेच काम घड्याळावर दिलं तर फाळ खोल जातो खरा, पण ट्रॅक्टर अशा चालीने चालतो जणू वरात निघालीय. ट्रॅक्टरवाला लबाडच असतो असं नाही. ज्याचे पैसे मिळतात ते तो जास्त करतो.

आता तुराटी घेऊन मागून चालणारा मालकच नाही असं शेत डोळ्यांपुढे आणा. पंचवीस हजार हेक्टर, म्हणजे साठ हजार एकरांच्या वर. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही. ट्रॅक्टर सरकारचा, डिझेल सरकारचं, गहूही सरकारचा. सोव्हिएत संघात अशा शेताला ‘सोव्हखोज’ म्हणत. ‘कोल्होज’ म्हणजे सामुदायिक शेती, तिथे उत्पन्नातून देणी भागवून उरेल ते सभासदांत वाटलं जाई. सोव्हखोजवर मात्र गिरणी कामगारासारखा पगार. १९२८ साली रोस्तोव प्रांतात साल्स्क गावाजवळ ‘गिगांत’ नावाचं असं शेत सुरू झालं, लाखावर हेक्टरांचं. या शेतांना ‘धान्याचे कारखाने’ म्हणण्याची तेव्हा पद्धतच होती. १९५४पासून तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याने कझाकस्तान आणि सायबेरियाची पडीक गवताळ जमीन नांगराखाली आणली तेव्हा तिथेही शेकडो सोव्हखोज उभे राहिले. १९५०मध्ये सबंध देशात ते सुमारे पाच हजार होते. १९८०पर्यंत एकवीस हजारांवर गेले.

सगळा घोळ त्या ‘कारखाना’ शब्दात आहे. कारखान्यात एकाने नट सैल ठेवला तर पट्ट्यावरच्या पुढच्या माणसाला तो पाच मिनिटांत कळतो. शेतातली चूक कळायला चार महिने लागतात, आणि तोवर पावसाने पुरावा धुऊन नेलेला असतो. उत्तर कझाकस्तानात वसंती गहू मे महिन्यात पेरतात, कापणी ऑगस्टच्या अखेरीपासून. पाऊस वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी, आणि तोही लहरी. नांगरणी एकाने केली, पेरणी दुसऱ्याने, फवारणी तिसऱ्याने, कापणी चौथ्याने. उतारा निम्मा आला. दोष कुणाचा? चौघेही आभाळाकडे बोट दाखवणार, आणि ते खोटं बोलतायत असं छातीठोकपणे कुणालाच म्हणता येणार नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत, हवामानाने होणारी चढउतार इतकी मोठी असते की मेहनतीतला फरक त्या गोंगाटात ऐकूच येत नाही.

मग कचेरीने काय करावं? पीक मोजून पगार देता येत नाही, म्हणून काम मोजायचं. प्रत्येक कामाचा ‘नॉर्म’, म्हणजे दिवसात किती व्हायला हवं याचं प्रमाण, ठरला. सोव्हिएत हिशेबात तर ट्रॅक्टरचं सगळं काम, कुळवणी असो की पेरणी, ‘मऊ नांगरटीचे हेक्टर’ या एकाच मापात बदलून मांडायचे. किती मऊ हेक्टर झाले त्यावर मजुरी, नॉर्मच्या वर गेल्यास जादा दर, इंधन वाचवल्यास बक्षीस. आपल्या एकरावरच्या नांगरटीसारखंच, फक्त तुराटीवाला वजा.

मातीचा नांगराला होणारा विरोध ढोबळमानाने खोलीच्या प्रमाणात वाढतो. बावीस सेंटिमीटर नांगरायचं त्या जागी पंधरा नांगरलं तर ओढ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटते. त्या मानाने वेग वाढवता येतो, इंधन शिल्लक पडतं. म्हणजे नांगर उचलला की मजुरी वाढते आणि वर बक्षीसही! तपासनीस मोटारीने येतो, रस्त्याकडेला उतरतो, पहिल्या तासात पट्टी घालतो आणि जातो. म्हणून रस्त्यालगतचे तास खोल, आत जाऊ तसे उथळ. ही तक्रार खुद्द सोव्हिएत वर्तमानपत्रांतून छापून येत असे, म्हणजे ती शत्रूने उठवलेली आवई नव्हती.

आणि गंमत पुढेच आहे. त्या कोरड्या, वाऱ्याच्या पठारावर खोल नांगरून माती उलटी करणं हेच मुळात चुकीचं होतं. उत्तर कझाकस्तानात शोर्तांदी इथल्या धान्यशेती संशोधन संस्थेचा प्रमुख अलेक्सांद्र बारायेव कॅनडाची कोरडवाहू शेती पाहून आला होता. त्याचं म्हणणं असं की माती उलथू नका, धसकटं उभी राहू द्या, त्यांच्यात हिवाळ्यात बर्फ अडकतं आणि वारा माती नेत नाही. आणि काही जमीन दरवर्षी पडीक ठेवा म्हणजे ओल साठेल. ख्रुश्चेव्हला पडीक जमीन म्हणजे वाया गेलेला गहू वाटे. दोघांचं जमलं नाही. साठीच्या दशकात तिथे धुळीची वादळं उठली, लाखो हेक्टरांवरची वरची माती उडाली, आणि १९६३च्या वाईट हंगामानंतर सोव्हिएत संघाला परदेशातून गहू विकत घ्यावा लागला. बारायेवला लेनिन पारितोषिक मिळालं ते १९७२मध्ये.

म्हणजे उथळ नांगरणारा चालक कचेरीला फसवत होता, आणि कचेरीचा हुकूम जमिनीला. प्रश्न फक्त आळसाचा असता तर चार तपासनीस वाढवून सुटला असता. इथे ज्याला त्या वावराची माहिती होती त्याला अधिकार नव्हता, आणि अधिकार होता त्याला वावर माहीत नव्हतं.

हे ओळखणारा माणूस शेतकी शास्त्रज्ञ नव्हता. इवान खुदेन्को हिशेबाच्या खात्यातला. साठीच्या दशकाच्या आरंभी कझाकस्तानातल्या अल्माअताजवळच्या एका सोव्हखोजवर त्याने एक प्रयोग मांडला. तुकडी लहान, रशियन शब्द ‘झ्वेनो’, म्हणजे साखळीतली कडी. तिला जमिनीचा ठरावीक तुकडा, यंत्रं आणि वर्षभराचं एकच गणित: इतकं धान्य द्या, इतके पैसे घ्या. रोज सकाळी कचेरीकडून येणारा कामाचा हुकूम, ‘नार्याद’, बंद. आज काय करायचं, कुणी करायचं, किती खोल नांगरायचं, सगळं तुकडी ठरवणार. मधल्या कामाची नोंद नाही, मऊ हेक्टर नाहीत. पैसे शेवटी, पोत्यांवर.

आपल्याकडे याला उक्तं म्हणावंसं वाटेल, पण उक्तं खुरपण आणि हे यांत मोठा फरक आहे. उक्तं खुरपायला घेतलेल्या टोळीला तणाच्या मुळाशी देणंघेणं नसतं. वरून कापलं तरी रान स्वच्छ दिसतं, पैसे घेऊन टोळी पुढच्या गावी. खुदेन्कोची तुकडी पेरणीपासून कापणीपर्यंत त्याच रानात. तिचं नातं वाटेकऱ्याशी जवळचं.

तुकडी लहानच का? हिशेब सोपा आहे. सहा जणांत पीक वाटायचं असेल तर माझ्या आळसाचा सहावा हिस्सा माझ्याच ताटातून जातो, शिवाय बाकीचे पाच जण मला दिवसभर बघत असतात. सहाशे जणांत वाटायचं असेल तर माझ्या वाट्याला सहाशेवा हिस्सा येतो, आणि तेवढ्यासाठी कोण उन्हात मरेल? सोव्हखोजवर सरासरी पाच-सहाशे माणसं असत. दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. शेजारीशेजारी दोन तुकड्या असल्या तर पाऊस दोघींवर सारखाच पडतो. एकीला बारा क्विंटल आणि दुसरीला आठ, तर त्या चारांच्या फरकातून आभाळ आपोआप वजा झालेलं असतं. हवामानाच्या गोंगाटातून मेहनतीचा आवाज वेगळा काढण्याची याहून स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही.

प्रयोग चालला. तेच काम पूर्वीपेक्षा खूपच थोडी माणसं करू लागली, धान्याचा खर्च उतरला, तुकडीतल्यांची कमाई वाढली. नंतर अक्ची या ठिकाणी खुदेन्कोने आख्खं शेतच या पद्धतीवर उभं केलं. तिथे लसूणघास वाळवून, दळून जनावरांसाठी जीवनसत्त्वांचं पीठ तयार होई. व्यवस्थापनाला माणसं किती? दोन.

आणि इथेच माशी शिंकली. दोन माणसांत कारभार होतो हे सिद्ध झालं तर बाकीच्या सोव्हखोजांवर शंभर-शंभर माणसं कचेरीत काय करतायत? शेतातून सुटणाऱ्या मजुरांचं काय करायचं, हाही प्रश्न होताच, आणि तो खोटा नव्हता. सत्तरीच्या आरंभी अक्चीचा प्रयोग गुंडाळला गेला. कामगारांच्या थकलेल्या पैशांसाठी खुदेन्को आणि सहकारी कोर्टात गेले, तर सरकारी पैसा लाटायचा प्रयत्न केल्याचा गुन्हा त्यांच्यावरच लागला. खुदेन्कोला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९७४मध्ये तो तुरुंगातच वारला. पुढे १९८३मध्ये बेल्गोरोदला परिषद भरवून गोर्बाचेव्हने शेतीत ‘सामूहिक कंत्राट’ आणायचा आग्रह धरला. कल्पना ओळखीचीच होती. पण तोवर कचेऱ्या शहाण्या झाल्या होत्या: कंत्राटावर सही व्हायची आणि रोजचा हुकूमही यायचा.

कचेरीला दोष देताना संचालकाची अडचणही बघायला हवी. त्याचं पुढच्या वर्षीचं लक्ष्य यंदाच्या आकड्यावरून ठरे. गाय दहा लिटर देते हे वर कळलं की पुढल्या वर्षी अकरा मागणार. मग शहाणा संचालक नऊवरच धार थांबवतो. तोटा झाला तर सरकार कर्ज माफ करतंच. हंगेरीचा अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई याला ‘मऊ अंदाजपत्रक’ म्हणे. बुडण्याची भीती नाही आणि वर आलं तर डोक्यावर टपली, मग पोहायचं कशाला?

हंगेरीतच या दोन्ही गाठी थोड्या सैल झाल्या. १९६८च्या सुधारणांनी सक्तीची लक्ष्यं काढली आणि व्यवस्थापकांना खरेदी-विक्रीची मोकळीक मिळाली. बुडापेस्ट आणि व्हिएन्नाच्या मधे बाबोल्ना नावाचं सरकारी शेत आहे, मूळचं घोड्यांच्या पैदाशीसाठी १७८९ साली काढलेलं. त्याचा संचालक रोबेर्त बुर्गेर्त याने मक्यासाठी अमेरिकेतून बियाणं, यंत्रं आणि लागवडीची सबंध पद्धत आणली, आणि ती इतर शेतांना कराराने विकायला सुरुवात केली. कुठलं संकरित वाण, किती खत, कोणतं तणनाशक, कोणत्या यंत्रानंतर कोणतं यंत्र, सगळं एका गाठोड्यात. हंगेरीत साठच्या दशकाच्या मध्याला हेक्टरी तीन टनांच्या आत असलेला मका ऐंशीच्या सुरुवातीला सहा टनांच्या आसपास पोचला. तिथे कझाकस्तानसारखं कोरडं पठार नव्हतं, पाऊस बरा होता, डॉलरमध्ये कर्जं झाली, हेही सांगायला हवं. तरी शेत सरकारी असणं ही एकटीच अडचण असती तर हा मका पिकला नसता.

चीनने ऐंशीच्या दशकात वेगळी वाट काढली. हेइलोंगच्यांगसारख्या प्रांतांतली सरकारी शेतं मोडली नाहीत. मोठ्या शेताच्या पोटात कुटुंबांची छोटी शेतं बसवली. कालवे आणि बियाणं मोठ्याकडे, पेरणी आणि नफातोटा कुटुंबाकडे.

आपल्याकडेही हा नांगर येऊन गेलाय. १९५६मध्ये राजस्थानात सुरतगडला केंद्र सरकारचं यांत्रिकी शेत सुरू झालं ते सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रांवर. महाराष्ट्रात वाट निराळी होती. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे आल्या, त्यांतल्या कित्येक शेतकऱ्यांनी पूर्वी खंडाने दिलेल्या, आणि त्या कसायला १९६३मध्ये शेती महामंडळ निघालं. हरेगाव, टिळकनगर, साखरवाडी इथले मळे त्याचेच. उद्देश चांगला होता: सलग ऊस तुकडे होऊ न देता पिकवायचा. पुढे महामंडळाला स्वतः कसणं झेपेना, तेव्हा निविदा काढून संयुक्त शेती म्हणून जमीन मुदतीने द्यायला लागले. खंडकऱ्यांच्या वारसांना जमीन परत मिळायला मात्र दशकं गेली.

निविदेने तुराटीवाला परत आला असं वाटेल. आला, पण मुदतीपुरता. शेणखत घातलं की त्याचा सगळा गुण पहिल्याच पिकात उतरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही ते कुजत, अन्नद्रव्यं सोडत राहतं. ज्याच्या हातात जमीन थोडेच दिवस आहे तो पहिल्या वर्षी बैलगाडीभर खत टाकेल, दुसऱ्या वर्षी अर्धी गाडी, आणि शेवटच्या वर्षी फक्त युरिया. फाळ तो बरोबर खोल घालेल, कारण त्याचा गुण त्याच हंगामात मिळतो.