टँडमचे क्रँक बदलताय? आधी मागच्याचे माप घ्या

टँडम म्हणजे दोघांनी मिळून पायडल मारायची सायकल. सोलापुरात अशा सायकली मोजक्याच, पण ज्यांच्याकडे आहेत ते जिवापाड सांभाळतात. त्यांत नवरा-बायको आहेत, बाप-लेक आहेत, डोळस जोडीदाराच्या मागे बसून चालवणारे दृष्टिहीन सायकलस्वारही आहेत. क्रँक म्हणजे पायडल जिच्या टोकाला बसते ती दांडी. ती बदलायची वेळ आली की बहुतेक जण पुढच्याच्या मापाने खरेदी करतात, मागच्याचे माप कुणी घेतलेलेच नसते. आमच्या दुकानाचे हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

पुढची आणि मागची क्रँक एका चेनने बांधलेली असते. तिला टायमिंग चेन म्हणतात. त्यामुळे पुढच्याने मिनिटाला ८० फेरे मारले की मागच्यालाही ८०च मारावे लागतात. १७० मि.मी.च्या क्रँकवर पाऊल एका फेऱ्यात सुमारे १०७ सें.मी. फिरते, १५२च्या क्रँकवर सुमारे ९५. आखूड पायाच्या माणसाला लांब क्रँक दिली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा पोटाकडे येतो, कंबर सीटवर डावी-उजवी डुलते आणि तुळजापूरचा घाट लागायच्या आत गुडघे बोलू लागतात. मग दोष सीटवर येतो. पण सीट खाली घेतली तर वरच्या टोकाला गुडघा आणखी दुमडतो, वर घेतली तर खालच्या टोकाला पाय पुरत नाही. अशा वेळी क्रँकच बदलायला हवी. दोघांच्या क्रँकची लांबी सारखीच हवी, असा काही नियम नाही. वेगवेगळ्या लांबीच्या क्रँक एकाच टँडमवर खुशाल चालतात.

माप घरी घेता येते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड वही मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. येईल त्या आकड्याचे २१ टक्के धरा. ८० सें.मी. आले तर १६८ मि.मी., म्हणजे १६५ किंवा १७०ची क्रँक. ७२ आले तर १५१, म्हणजे १५२ची. हा ठोकताळा आहे. गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर लहान माप घ्या, असेच आम्ही सांगतो. १६५, १७० आणि १७५ सहज मिळतात, त्याहून लहान मागवाव्या लागतात.

तुमच्या सायकलला सध्या काय आहे ते पाहायचे असेल तर क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलच्या भोकाजवळ रॉकेलचा बोळा फिरवा. काळे ग्रीस निघाले की कोरलेला आकडा दिसतो. आकडा पुसला गेला असेल तर एक्सलच्या (क्रँक ज्या दांड्यावर बसते त्याच्या) मध्यापासून पायडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. टोकापासून टोकापर्यंत मोजू नका.

आता सर्वांत जास्त फसगत होते ती गोष्ट. बहुतेक टँडमवर टायमिंग चेन डाव्या बाजूला असते, म्हणून डाव्या क्रँकलाही चेनव्हील (चेन चालवणारे दातेरी चाक) लागते. साध्या सायकलची डावी क्रँक चेनव्हीलशिवाय येते. मग कुणीतरी युक्ती काढतो आणि उजवी क्रँक उचलून डावीकडे लावतो. बसते ती, पण तिच्या पायडलचे आटे उजवे असतात. डाव्या पायडलचे आटे मुद्दाम उलटे ठेवलेले असतात, कारण पायाचा दाब फिरता असतो आणि सुलटे आटे तिथे चालता चालता सुटू लागतात. उताराला, दोन माणसांचे वजन अंगावर असताना पायडल निखळणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. डावीकडे टँडमसाठीच बनवलेली क्रँक घ्या. टायमिंग चेन उजवीकडेच असलेल्या टँडमला मात्र डावीकडे साध्या क्रँक चालतात.

लांब क्रँकला मधेच भोक पाडून ती ‘लहान’ करून आणू नका. कडेला धातू पुरेसा उरत नाही, आणि डाव्या बाजूचे उलटे आटे पाडायला वेगळा टॅप लागतो. लहान मुलाला मागे बसवायचे असेल तर क्रँकवर आवळायच्या, अनेक भोकांच्या पट्ट्या मिळतात. मूल वाढेल तसे पायडल बाहेरच्या भोकात सरकवायचे.

एक्सल कॉटरचा (खिळीने क्रँक अडकवायचा) आहे, चौकोनी की दातेरी, तेही पाहावे लागते. चौकोनातही जपानी माप आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) माप वेगळे आहे. चौकोनाच्या बाजूंचा उतार दोन्हींचा सारखाच, त्यामुळे नजरेला फरक कळत नाही. पण एकाची क्रँक दुसऱ्यावर चढवली की सुमारे ४.५ मि.मी. आत किंवा बाहेर बसते. तेवढ्याने पुढचे-मागचे टायमिंग चेनव्हील एका रेषेत राहत नाही आणि चेन घासत चालते. क्रँक काढायची ती पुलरने (क्रँक ओढून काढायच्या हत्याराने), हातोडीने नाही. हातोडीचा मार थेट बेअरिंगला बसतो.

नव्या क्रँक बसल्या की टायमिंग चेनचा ताण लावतो. बहुतेक टँडममध्ये त्यासाठी पुढचा बॉटम ब्रॅकेट (एक्सल आणि त्याचे बेअरिंग) केंद्र सोडून बसवलेल्या गोल कवचात असतो. ते फिरवले की चेन आवळते. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन साधारण १ सें.मी. हलली पाहिजे. त्याहून ताठ ठेवली तर बेअरिंग लवकर जातात.

दोघांची पायडले एकाच वेळी वर-खाली ठेवायची की काटकोनात, हे तुम्ही ठरवा. आमचे मत एकत्र ठेवण्याकडे आहे. आपल्याकडचे गतिरोधक उंच असतात. पुढच्याने पायडले आडवी धरली की मागच्याचीही आपोआप आडवी राहतात. काटकोनात लावली तर नेमके त्याच वेळी मागच्याचे एक पायडल खाली असते आणि गतिरोधकाला आपटते.

क्रँक ५ मि.मी. आखूड झाली तर सीट तेवढीच वर घ्या. पहिली लांब फेरी झाली, समजा तुळजापूरला जाऊन आलात, की क्रँकचे बोल्ट तपासायला सायकल घेऊन या. त्याआधी पायडल मारताना टक-टक ऐकू आली किंवा क्रँक हाताने हलली, तर तिथेच उतरा आणि सायकल चालत आणा. सैल क्रँक थोडीशी चालवली तरी चौकोनी भोक गोल होते, आणि मग ती कितीही आवळली तरी धरत नाही.

येताना दोघांनी मिळून या, नेहमीचे बूट घालून.