ध्यानपूर्वक निसर्गछायाचित्रण

निसर्गातल्या दृश्यासमोर आधी मन स्थिर करून बसायचे आणि मगच कॅमेरा उचलायचा, अशी साधना व छायाचित्रण यांची सांगड घालणारी पद्धत. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ (१८६४–१९४६) यांनी मनाच्या अवस्था व्यक्त करण्यासाठी ढगांची छायाचित्रे घेतली. त्यांचा प्रभाव असलेल्या मायनर व्हाइट (१९०८–१९७६) यांनी झेन या बौद्ध ध्यानपरंपरेतली स्तब्धता छायाचित्रणाच्या शिक्षणात आणली.

विपश्यनेच्या शिबिरात कॅमेरा जवळ ठेवता येत नाही आणि बैठकीत डोळे मिटलेले असतात. त्यामुळे या पद्धतीला उघड्या डोळ्यांची साधना अधिक जवळची. सोलापुरात तिची जुनी परंपरा आहे. हे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांचे गाव. त्यांच्या शिवयोगात इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचे छोटे लिंग, डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर स्थिर करतात.

सरावाला नान्नजचा माळ उत्तम. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचा हा भाग शहरापासून बार्शी रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरवर आहे. आत जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. माळढोक हा दुर्मिळ पक्षी आता दिसलाच तर नशीब, आणि त्याच्याच मागे लागणाऱ्याला बाकीचा माळ दिसत नाही. माणूस आला की टिटवी ओरडून सगळ्यांना सावध करते. खाली बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे. टिटवी गप्प होते, चंडोल पुन्हा गवतातून वर चढत गाऊ लागतो, मान वर करून उभी राहिलेली काळविटे चरायला लागतात. कॅमेऱ्याची वेळ ती. दूरचे टिपणारी ४०० मिमी लेन्स हातात धरायची तर चित्र हलू नये म्हणून शटरचा वेग साधारण १/४०० सेकंद किंवा त्याहून जलद हवे. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात ते जमत नाही, तेव्हा श्वास सोडून झाल्यावरच्या क्षणभराच्या विरामात बटण दाबतात. ध्यानातली सवय इथे थेट हाताला उपयोगी पडते.

घरट्यांची छायाचित्रे मात्र टाळावीत. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. ती अंड्यांवरून उठून गेली की उन्हाळ्यात अंडी तापतात, कावळ्यांचे फावते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून पक्षी बोलावणे तर या साधनेच्या मुळावरच येते.

उजनी जलाशयात हिवाळ्यापासून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. थवा उडावा म्हणून बोट जवळ नेण्याची रीत तिथे आढळते. ध्यानपूर्वक छायाचित्रण करणाऱ्याने काठावरच बसावे. चोच उलटी करून चिखल गाळत चाललेला रोहित तिथूनही तासन्‌तास पाहता येतो.