कोकणातील प्रादेशिक प्रवासी रेल्वे : नियोजन आणि रोजचा प्रवास

एका प्रदेशातील शहरे, तालुक्याची ठिकाणे आणि मोठी गावे जोडणारी, साधारण ५० ते २०० किलोमीटर अंतरात धावणारी व बहुतेक स्थानकांवर थांबणारी गाडी म्हणजे प्रादेशिक प्रवासी रेल्वे. तिला एक्स्प्रेसचा वेग नसतो आणि मुंबईच्या लोकलसारख्या दर पाच मिनिटांनी फेऱ्याही नसतात. पण वेळा जमल्या, तर हीच गाडी सकाळी कामावर, कॉलेजला किंवा कोर्टाच्या तारखेला नेते आणि संध्याकाळी घरी आणून सोडते. कोकणात पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत रूळ सलग आहेत. तरी पनवेल-रोहा टापू सोडला तर रोज ये-जा करणाऱ्याच्या उपयोगाची सेवा तुटकच आहे. मागणी नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे एकेरी मार्गात आणि गाड्यांच्या वेळांत आहे.

मार्ग कोणासाठी आखला गेला

कोकणात रेल्वे हवी ही मागणी मुंबईच्या वाटेवरून आली. आधी हा प्रवास बोटीने होई, आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून शेकडो माणसे गेली, ती आठवण किनाऱ्यावर दोन पिढ्या टिकली. नंतर एस.टी. आली. अ. ब. वालावलकर, बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी रेल्वेचा प्रश्न लावून धरला. दिवा-पनवेल मार्ग पुढे सरकत १९८६ मध्ये रोह्याला पोचला. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले; ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून मुंबई-मंगळूर अशी सलग प्रवासी वाहतूक होऊ लागली.

उद्देश लांबच्या प्रवासाचा होता, म्हणून आखणीही तशीच झाली. चढ १५० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको, वळणे मोठ्या त्रिज्येची हवीत, आणि पुढेमागे ताशी १६० किलोमीटर वेग गाठता यावा, असे निकष ठरले. सह्याद्रीच्या पायथ्याशी हे निकष पाळायचे तर डोंगर पोखरावा लागतो आणि दरी पुलाने ओलांडावी लागते. नव्वदहून अधिक बोगदे, त्यांत साडेसहा किलोमीटरचा करबुडे, आणि रत्नागिरीजवळ ६४ मीटर उंचीचा पानवल पूल ही त्याचीच फळे. खाड्या जिथे अरुंद होतात तिथे त्या ओलांडायच्या म्हणून मार्ग किनाऱ्यापासून आत गेला. दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण ही बोटींच्या काळातली गजबजलेली बंदरे रेल्वेपासून दूरच राहिली.

शहरांचेही तेच झाले. रत्नागिरीचे स्थानक शहराबाहेर कुवारबावला, चिपळूणचे वालोपे येथे, सावंतवाडीचे मळगावात. राजापूरचे तर शहरापासून फारच लांब. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, येणाऱ्याला या अंतराचे काही वाटत नाही, कारण घरचे कोणीतरी गाडी घेऊन आलेले असते. रोज जाणाऱ्याला मात्र स्थानकापासून रिक्षा आणि परत येताना पुन्हा रिक्षा. महिन्याच्या शेवटी हे रिक्षाभाडे रेल्वेच्या पासापेक्षा जास्त भरते. समोर एस.टी. थेट बाजारपेठेतून सुटते, आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिच्यात निम्मे तिकीट आहे. त्यामुळे रेल्वेच्या वेळेला स्थानकावर स्थानिक एस.टी. लागत नसेल, तर रेल्वेचे स्वस्त तिकीट कागदावरच स्वस्त राहते.

एकेरी मार्गाचे गणित

दिवा-सावंतवाडी पॅसेंजरने गेलेल्या कोणालाही हे गणित शिकवावे लागत नाही. आडवलीसारख्या स्थानकात गाडी मुख्य रूळ मोकळा ठेवण्यासाठी बाजूच्या लूप लाइनवर घेतली जाते, इंजिन शांत होते, पंख्यांचा आवाज तेवढा उरतो. पंधरा मिनिटे जातात. माणसे फलाटावर उतरून पाय मोकळे करतात, कोणी नळावर बाटली भरून घेतो. समोरून एक एक्स्प्रेस धडधडत निघून जाते आणि सगळे चढायच्या बेतात असताना कळते, की मागूनही एक येते आहे, तीही आधी सोडायची आहे.

एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. अशा मार्गाची क्षमता काढण्यासाठी भारतीय रेल्वेत स्कॉट सूत्र वापरतात : दिवसाची १४४० मिनिटे घ्यायची, त्यांना सर्वांत वेळखाऊ टप्पा पार करायला लागणारा वेळ अधिक सिग्नल-ब्लॉकच्या कामाचा, म्हणजे टप्पा मोकळा असल्याची खात्री करून पुढच्या गाडीला वाट देण्याचा, वेळ यांच्या बेरजेने भागायचे, आणि आलेल्या आकड्याचे ७० टक्के धरायचे. समजा टप्प्याला १५ मिनिटे लागतात आणि ब्लॉकला ५. मग दोन्ही दिशा मिळून दिवसाला सुमारे ५० गाड्या बसतात. त्याच टप्प्याच्या मध्ये, गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावे म्हणून, एक क्रॉसिंग स्थानक घातले आणि धावण्याचा वेळ ८ मिनिटांवर आला, तर आकडा ७७ च्या आसपास जातो. इंदापूर, सापे वामणे, कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही नवी स्थानके मार्गावर का आली, याचे उत्तर या भागाकारात आहे. गावकऱ्यांना थांबा मिळाला हा त्यातला जास्तीचा लाभ.

पण क्षमता वाढली म्हणजे ती स्थानिक गाडीला मिळते असे नाही. मोकळी झालेली जागा आधी केरळ-दिल्ली-गुजरातच्या गाड्या, मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणारी रो-रो घेते. सर्वांत शेवटी पॅसेंजर. प्राधान्याचा हा क्रम बदलल्याशिवाय नुसती स्थानके वाढवून रोजच्या प्रवाशाच्या पदरी फारसे पडणार नाही, असे या नोंदीचे मत आहे. खरा उपाय दुहेरीकरणाचा. रोहा-वीर हे सुमारे ४७ किलोमीटर ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाले. वीरच्या दक्षिणेला बोगद्यांची रांग लागत असल्याने सलग दुसरा रूळ टाकणे फार महाग पडेल. म्हणून सोप्या जमिनीवरचे तुकडे आधी घ्यावेत या ‘टप्पा दुहेरीकरणा’ची चर्चा असते. सोपे तुकडे कुठले, हे ठरवताना क्रॉसिंग नेमके कुठे होतात तेही बघावे लागते. नाहीतर चुकीच्या जागी टाकलेला दुसरा रूळ नुसता पडून राहतो.

मस्टर, पाऊस आणि वेळा

रोजच्या प्रवाशासाठी आखणी स्थानकापासून न करता कचेरीच्या घड्याळापासून करावी लागते. राज्य शासनाची कार्यालये २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यात पावणेदहा ते सव्वासहा चालतात. सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला, काम करणाऱ्या कणकवली-वैभववाडीकडच्या माणसाला सिंधुदुर्ग स्थानकावर सव्वानऊपर्यंत उतरायला हवे आणि परतीची गाडी पावणेसातच्या आधी नको. एवढे साधले तर वेग ताशी ५० असला तरी चालतो. हे न साधता गाडी अकराला आली, तर ती कितीही वेगवान असो, त्या माणसाच्या लेखी नसल्यासारखीच.

पाऊस हा या मार्गाचा दुसरा वेळापत्रककार. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून सुमारे ५० माणसे दगावली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगर कापून काढलेल्या कटिंगच्या उतारांवर जाळ्या, संरक्षक भिंती, गस्त आणि पावसाळ्यातील वेगमर्यादा यांवर मोठे काम झाले. पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे चाले. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होते. तरी जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि वाहतूक २४ तासांहून जास्त बंद राहिली. लांबच्या प्रवाशाला दोन तासांचा फरक सोसतो. मस्टरवर सही करणाऱ्याचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलले, की तो मोटारसायकल काढतो आणि ऑक्टोबरनंतर परत रेल्वेकडे वळतोच असे नाही. स्थानिक गाड्यांच्या वेळा मुळातच पावसाळी वेगावर बांधून बारा महिने तशाच ठेवणे, हा त्यावरचा साधा मार्ग. उन्हाळ्यात गाडी थोडी रेंगाळेल, एवढेच.

मागणी कुठे आहे

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार आणि सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आसपास होती. दोन्ही आकडे २००१ पेक्षा कमी. वाड्या विखुरलेल्या, घरे डोंगरउतारावर. त्यामुळे लोकलसारखी गर्दी इथे कधीच होणार नाही आणि तिची अपेक्षाही धरू नये. जमेस धरायची ती प्रत्येक फेरीला काहीशे माणसे.

पट्टे सारखे नाहीत. पनवेल-पेण-रोहा भाग दुहेरी आणि विद्युतीकृत असून मेमू गाड्यांमुळे (वेगळे इंजिन न लागणाऱ्या, डब्यांतच मोटारी असलेल्या विजेच्या गाड्या) तो नवी मुंबईच्या रोजगाराला जोडला गेला आहे. खेड-चिपळूणच्या मध्ये लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आहे, पण ती महामार्गाला लागून आहे. पाळीच्या वेळेला कंपनीची बस दाराशी येते, तिथे रेल्वेला फारसे काम नाही. रत्नागिरीला उत्तरेकडून संगमेश्वर-कडवई आणि दक्षिणेकडून आडवली-विलवडे अशा दोन्ही बाजूंनी विद्यार्थी व रुग्ण येतात.

सर्वांत भरघोस पट्टा वैभववाडी ते सावंतवाडी हा सुमारे ८० किलोमीटरचा. कणकवलीची बाजारपेठ, ओरोसची जिल्हा कार्यालये आणि कुडाळची औद्योगिक वसाहत एका ओळीत आहेत. पुढे गोव्यात थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव. सिंधुदुर्गातील तरुण मोठ्या संख्येने गोव्यातल्या कारखान्यांत, हॉटेलांत आणि आता मोपा विमानतळावर कामाला जातात. बरेच जण दुचाकीने, पावसात रेनकोट चढवून. सावंतवाडी ते मडगाव अंतर साधारण ७० किलोमीटर. पाळी सकाळी सातला सुरू होत असेल तर गाडी पहाटे साडेपाचच्या आत सुटायला हवी, आणि त्यासाठी ती आदल्या रात्री सावंतवाडीतच मुक्कामाला असायला हवी. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. त्याची मागणी मुंबईच्या जास्त गाड्यांसाठी केली जाते. स्थानिक सेवेसाठी मात्र रेक, म्हणजे गाडीचे जोडलेले सगळे डबे, उभा करायची जागा, पाण्याची सोय आणि गाडी चालवणाऱ्यांची विश्रांतीखोली एवढ्यानेच बरेच भागेल.

गाडी, पास आणि पैसा

२०२२ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याने मेमूचा रस्ता मोकळा झाला. मेमू लवकर वेग घेते, इंजिन फिरवण्याची कटकट नसते, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. दर दहा-बारा किलोमीटरला थांबायचे असेल तर हा फरक मोठा पडतो. मासिक पास साधारण १५० किलोमीटरपर्यंतच मिळत असल्याने वरील सगळे पट्टे त्यात बसतात. पण पास असून डब्यात चढू देणारी गाडी हवी : आरक्षित डब्यांच्या एक्स्प्रेसचा पासधारकाला उपयोग नाही. कोविडनंतर रत्नागिरी-दादर पॅसेंजर दिव्यालाच संपू लागली, ही तक्रार कोकणात अजून ताजी आहे. पण ती मुंबई टोकाची. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जाणाऱ्यांसाठी आवाज उठवणाऱ्या संघटना त्या मानाने क्षीण आहेत.

कोकण रेल्वे कर्ज काढून बांधली गेली आणि तिच्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ यांचे भागभांडवल आहे. बांधणीचा खर्च वसूल व्हावा म्हणून इथे प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरून भाडे आकारले जाते. थोड्या अंतराच्या स्थानिक प्रवाशालाही ते लागू होते. जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या बेलापूर-उरण उपनगरी मार्गाच्या खर्चाचा मोठा वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला. नवी मुंबईत जमिनीच्या किमतीतून असा पैसा उभा राहतो. कुडाळ-कणकवलीत राहणार नाही. तिथे स्थानिक फेऱ्यांतील तूट राज्याने भरून द्यावी लागेल, जशी एस.टी.च्या सवलतींची ते भरून देते. २०२५ मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. विलीनीकरण झाल्यास दुहेरीकरणासाठी केंद्रीय अर्थसंकल्पातून निधी मागणे सोपे होईल; सकाळी सव्वानऊला ओरोसला पोचणाऱ्या गाडीचा करार मात्र राज्याला वेगळाच करावा लागेल.