फ्लॅपच्या नाडीवर पहारा

तंबाखू-गुटख्यामुळे झालेला गालाचा किंवा जबड्याचा कर्करोग काढताना पुष्कळदा गालाची पूर्ण जाडी किंवा जबड्याच्या हाडाचा मोठा तुकडा कापावा लागतो. ती जागा भरण्यासाठी मांडीची किंवा मनगटाजवळची त्वचा, अथवा पायातील फिब्युला हे हाड रक्तवाहिन्यांसह उचलून चेहऱ्यावर बसवतात. यालाच ‘फ्री फ्लॅप’ म्हणतात. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने मानेतील वाहिन्यांना शिवल्या जातात. शस्त्रक्रिया सहज आठ-दहा तास चालते.

त्यानंतर फ्लॅपचे सगळे जगणे एका धमनीवर आणि एक-दोन शिरांवर अवलंबून असते. त्यांत गुठळी झाली, तर खाटेशेजारच्या मॉनिटरवर काहीच दिसत नाही. रुग्णाचा रक्तदाब, नाडी आणि बोटावर मोजलेला प्राणवायू उत्तम असतो आणि त्याच वेळी गालातील फ्लॅप गुदमरत असतो, कारण ते आकडे साऱ्या शरीराचे असतात, त्या वीतभर ऊतीचे नव्हे. म्हणूनच पहिल्या दिवशी परिचारिका साधारण दर तासाला फ्लॅप पाहते, आणि माझ्या मते या साऱ्या उपचारातील ते सर्वांत मोलाचे काम आहे. धमनी बंद पडली की फ्लॅप फिकट आणि गार होतो, सुई टोचली तरी रक्त येत नाही. शीर तुंबली की तो फुगतो, जांभळा पडतो, दाबून सोडल्यास रंग झटकन परततो आणि टोचल्यावर काळपट रक्त भराभर वाहते. पातळ भिंतीच्या, कमी दाबाच्या शिरेतच गुठळी अधिक वेळा होते.

तोंडाच्या आत खोलवर किंवा त्वचेखाली दडलेल्या फ्लॅपचा रंग मात्र दिसत नाही. तिथे वाहिनीभोवती बसवलेला डॉप्लरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारा, इवलासा संवेदक प्रवाहाचा आवाज ऐकवतो: धमनीचा ठेका धरलेला, शिरेचा वाऱ्यासारखा सलग. दुसऱ्या पद्धतीत दृश्य प्रकाशाला लागून असलेले अवरक्त किरण ऊतीत सोडतात. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, त्यावरून ऊतीतील प्राणवायू सतत मोजता येतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये या मापनाचा पाया घातला. यात एकट्या आकड्यापेक्षा त्याची घसरण बोलकी असते, आणि ती कधीकधी रंग बदलण्याआधीच सुरू होते. संवेदक सरकला तर खोटा इशाराही मिळतो, आणि वाहिन्या उघडून पाहण्यासाठी विनाकारण पुन्हा भूल देणे ही लहान गोष्ट नाही. तरीही उशीर अधिक महाग पडतो, कारण काही तास रक्त न मिळाल्यास फ्लॅपमधील केशवाहिन्या सुजून बंद होतात आणि मोठी वाहिनी मोकळी केली तरी प्रवाह परतत नाही.

बहुतेक अडचणी पहिल्या दोन-तीन दिवसांत उद्भवतात. या काळात मान वळली किंवा गळ्याभोवतीची पट्टी आवळली, तरी शीर दाबली जाऊ शकते. त्यामुळे श्वासनलिकेतील नळीसुद्धा अनेक ठिकाणी गळ्याभोवती नाडी न बांधता, टाके घालून त्वचेलाच पक्की करतात.