युजर_एक्सॅटर टाकायची गरज नाहीये हो

लिनक्सवर फाइलला एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलला चिकटवलेली नाव-किंमत अशी जादा माहिती) लावायला सेटफॅटर ही कमांड चालवली आणि "ऑपरेशन नॉट सपोर्टेड" आलं की लगेच कोणीतरी सांगतं, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कसं माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, ते लिहिलेली फाइल) युजर_एक्सॅटर हा ॲट्रिब्यूट चालू करणारा ऑप्शन टाक आणि रिबूट कर. हा सल्ला जुन्या ईएक्सटी३ फाइलसिस्टमच्या (डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत) काळातला, तेव्हा बरोबर होता. आता ईएक्सटी४ मध्ये ते डिफॉल्टच चालू असतं, आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमला तर हा ऑप्शन माहीतच नाही, रूट सोडून दुसऱ्या पार्टिशनच्या ओळीत टाकलात तर माउंट फेल होऊन मशीन नीट सुरू न होता इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल, मग बसा रात्रभर.

खरी चूक बहुतेक वेळा नावात असते. नुसतं "रंग" नाव दिलं तर हाच एरर येतो, "युजर.रंग" दिलं की गपचूप चालतं, कारण पुढे युजर, ट्रस्टेड असा नेमस्पेस (नावाआधीचा गट सांगणारा शब्द) लागतोच. मीही यात अख्खी दुपार घालवलीय.

नाव बरोबर असूनही अडलं तर फाइल कुठल्या फाइलसिस्टमवर आहे ते डीएफ -टी (कॅपिटल टी) या कमांडने बघा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर विषय संपला, त्यात हे ॲट्रिब्यूट ठेवताच येत नाहीत. टेम्पएफएसला (मेमरीत राहणारी फाइलसिस्टम, टीएमपी फोल्डर बऱ्याचदा हिच्यावरच असतं) युजर वाले ॲट्रिब्यूट कर्नल ६.६ पासून आलेत, म्हणून जुन्या कर्नलवर टीएमपीमध्ये टेस्ट करून "सपोर्टच नाही" म्हणू नका. आणि साधं सीपी (कॉपीची कमांड) केलं की ॲट्रिब्यूट गळतात, तो काही बिघाड नाही, सीपीला --प्रिझर्व्ह=एक्सॅटर द्यावं लागतं.