कार्नेशनच्या अत्तरात लवंग कुठून आली

लग्नसराईत बडोद्याच्या हॉलांमध्ये स्टेजच्या सजावटीत आणि बुकेत कार्नेशन सर्रास दिसतं. झालरीसारख्या कातरलेल्या पाकळ्या, लांब ताठ देठ, पाण्यात ठेवलं तर आठवडाभर टवटवीत. नाकाशी धरलं तर वास जवळपास नाहीच. आणि त्याच नावाची अत्तराची कुपी मांडवीच्या बाजूला एखाद्या अत्तरवाल्याकडे उघडून पाहिली, की पहिल्या झटक्यात लवंग येते, तिच्या पाठोपाठ मिरी, आणि मागून गुलाबाच्या जवळचं काहीतरी गोड. साहजिकच वाटतं, अत्तर बनवणाऱ्याने फुलात मसाला घातला. खरी गोष्ट उलटी आहे. मसाला हा या फुलाच्या वासाचा मूळ कणा आहे. तो हरवलाय बुकेतल्या फुलाने.

कार्नेशन मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. त्याच्या जुन्या, लहान चणीच्या जातींना लवंगेचा स्पष्ट वास असे, कारण त्यांच्यात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. लवंगेच्या तेलात बहुतांश तेच असतं, साधारण ७० ते ८५ टक्के. फुलात त्याच्या जोडीला बेन्झिल बेन्झोएट आणि सॅलिसिलेट जातीची जड, मंद गोड द्रव्यं असतात. पुढे फूलबाजारासाठी जाती निवडल्या गेल्या त्या देठाची लांबी, रंग आणि टिकाऊपणा पाहून. वासाकडे लक्ष देण्याचं कुणाला कारण नव्हतं, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या विरत गेला. आज पुणे-नाशिककडच्या पॉलिहाऊसांत किंवा निलगिरीत पिकतं ते या बिनवासाच्या घराण्यातलं फूल.

युजेनॉल आपल्याला परकं नाही. ते तुळशीत आहे, विड्याच्या पानात आहे, आणि विडा टोचून बंद करतात त्या लवंगेत तर आहेच. गायकवाडांच्या काय किंवा होळकर-शिंद्यांच्या काय, मराठी दरबारात निरोपाच्या वेळी अत्तर-पान देण्याचा रिवाज होता. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत हळदीकुंकवाला अजूनही हातावर अत्तराचं बोट फिरतं. म्हणजे अंगावर फुलाचा वास आणि तोंडात लवंग हा जोड बडोद्याच्या मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. म्हणूनच मला वाटतं, पाश्चात्त्य फुलांपैकी आपल्याला सर्वांत लवकर कळावं ते कार्नेशन. लॅव्हेंडर शिकावं लागतं. हे शिकावं लागत नाही.

लवंग आणि कार्नेशन यांची गाठ मात्र आपल्याकडे पडली नाही, युरोपात पडली, आणि तिचं कारण लवंगेची किंमत. अठराव्या शतकापर्यंत लवंगेची झाडं आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांखेरीज जवळजवळ कुठेच नव्हती. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने मक्तेदारी टिकवण्यासाठी इतर बेटांवरची झाडं तोडून लागवड मुख्यतः त्यांतल्याच अंबोन बेटाच्या परिसरात कोंडली. भाव चढे ठेवण्यासाठी उभी झाडं कापणं हा मसाल्याच्या व्यापारातला फार क्रूर अध्याय आहे. त्या बेटांवरच्या लोकांचं पोट त्या झाडांवर होतं. अशा काळात इंग्लंड-फ्रान्समध्ये बागेतल्या लवंगवासाच्या पाकळ्या मद्यात घालून मसाल्याची चव आणत. महागड्या लवंगेच्या जागी अंगणातलं फूल, असा तो व्यवहार होता.

मक्तेदारी फोडली पिअर प्वाव्र या फ्रेंच माणसाने. त्याच्या खटपटीने १७७० मध्ये लवंगेची रोपं मॉरिशसला पोचली. तिथून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती झांझिबारला गेली, आणि काही दशकांत ते बेट जगाचं लवंगेचं कोठार झालं. इथे गुजरातचा किनारा कथेत येतो. झांझिबारच्या सुलतानाचं जकातीचं काम अनेक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होतं, आणि लवंगेच्या व्यापारात हिंदी सावकार-व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. मळ्यांवर राबत मात्र आफ्रिकेतून आणलेले गुलाम, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं. १८७२ च्या वादळाने झांझिबारच्या मुख्य बेटावरचे मळे आडवे झाले आणि लागवडीचा भर पेंबा बेटावर गेला. १९३० च्या दशकात तिथल्या वसाहती सरकारच्या कायद्यांनी लवंगेच्या निर्यातीतून हिंदी व्यापाऱ्यांना बाजूला काढायला सुरुवात केली, तेव्हा काँग्रेसच्या पाठिंब्याने १९३७-३८ मध्ये हिंदुस्थानात झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पडला. १९३८ मध्ये तडजोड झाली. आफ्रिकेशी नातं असलेली कुटुंबं बडोद्यात पुष्कळ आहेत. त्यांना लवंगेचा इतिहास मसाल्याच्या डब्यापलीकडचा आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

लवंग मुबलक झाली आणि तिचं तेल प्रयोगशाळांच्या हाती लागलं. युजेनॉल दाहक पोटॅश या तीव्र अल्कलीबरोबर तापवलं की त्याचं आयसोयुजेनॉल होतं: लवंगेचा तिखटपणा कमी, फुलाचा मऊपणा जास्त, आणि टिकाऊपणा पुष्कळच जास्त. त्याचं ऑक्सिडीकरण केलं की व्हॅनिलीन मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हॅनिलीन लवंगेच्या तेलापासूनच मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली तीही १८९० मध्ये. त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे रंगांचं रसायनशास्त्र शिकवलं. तेव्हाचे कृत्रिम रंग आणि कृत्रिम सुगंध एकाच विद्येतून येत होते, पण आपल्याकडे रंगांनी जोर धरला आणि सुगंधाचे कारखाने फ्रान्स-जर्मनीत राहिले.

सुगंधकारांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती. कार्नेशनच्या फुलातून द्रावकाने अर्क काढता येतो, पण हजार किलो फुलांमागे तो काही शे ग्रॅमच निघतो. शिवाय त्या अर्काचा वास मधासारखा, वाळल्या गवतासारखा, जड. जिवंत फुलाची ती टोकदार लवंग त्यात दबून जाते. त्यामुळे अत्तरातलं कार्नेशन पहिल्यापासून जुळवलेलंच आहे: युजेनॉल, आयसोयुजेनॉल, गुलाबाची द्रव्यं, थोडं इलांग-इलांग या गोड वासाच्या फुलाचं तेल, सॅलिसिलेट, व्हॅनिलीन, वर मिरीचा शिडकावा. कारों या फ्रेंच अत्तर-घराण्याचं १९२७ चं ‘बेलोजिया’ याच जुळणीवर उभं होतं, आणि नीना रिचीच्या १९४८ च्या ‘लेर द्यु ताँ’ मध्ये तिला बेन्झिल सॅलिसिलेटच्या भरपूर मात्रेने मऊ केलं होतं. जुळवलेलं म्हणजे नकली, ही समजूत निदान या फुलापुरती तरी सोडून द्यावी.

कनौजच्या परंपरेत गुलाब, केवडा, मोगरा तांब्याच्या डेगेत शिजतात आणि वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरते. कार्नेशन त्या परंपरेतलं फूल नाही. आपल्याकडे मिळणारं कार्नेशनचं तेल म्हणजे वरच्या प्रकारची जुळणी, चंदनाच्या किंवा आता बहुधा एखाद्या बिनवासाच्या पातळ द्रावणाच्या आधारावर. आधार कोणता, यावर सगळं ठरतं. चंदनावर लवंग रुजते आणि तिची धार उतरते. बिनवासाच्या द्रावणावर ती उघडी पडते आणि दाताच्या दवाखान्याची आठवण करून देते, कारण दंतवैद्य वापरतात तेही युजेनॉलच.

अंगावर ते असं चालतं. पहिली काही मिनिटं लवंग-मिरीचीच, जवळजवळ खाण्याच्या पदार्थासारखी. इथेच पुष्कळजण नाक मुरडून कुपी परत करतात, आणि ती घाई आहे. पाव-अर्ध्या तासात मसाला मागे सरतो, मध्ये गुलाबी गोडवा भरतो आणि पाकळीचा तो थंड, किंचित पावडरी पोत जाणवू लागतो. ही या तेलाची खरी वेळ. पुढे आयसोयुजेनॉल आणि सॅलिसिलेट उरतात: मंद, व्हॅनिलाकडे झुकलेला, त्वचेला चिकटून राहणारा वास. मद्यार्काचा फवारा उडताना वास खोलीभर नेतो. तेल तसं करत नाही. ते अंगाच्या उबेने सावकाश सुटतं आणि जवळ बसलेल्यालाच कळतं. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना, लवंग भसकन सुटते आणि घामात बोचते. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत तेच तेल शहाण्यासारखं वागतं. उन्हाळ्यात मी तरी वाळा लावावा असं म्हणेन.

आज हे तेल पूर्वीपेक्षा सौम्य का वाटतं, याचं उत्तर नियमांत आहे. आयसोयुजेनॉलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. आंतरराष्ट्रीय सुगंध उद्योगसंघटनेने अंगाला लावायच्या तयार मालात त्याची मर्यादा एका टप्प्यावर ०.०२ टक्क्यांवर आणली होती, आणि युरोपीय संघाने २००३ मध्ये वेष्टनावर जाहीर करायच्या २६ सुगंधद्रव्यांत युजेनॉल, आयसोयुजेनॉल आणि बेन्झिल सॅलिसिलेट ही तिन्ही घातली. म्हणजे कार्नेशनचा जवळजवळ सगळा सांगाडाच. नामांकित घराण्यांनी जुन्या जुळण्या बदलल्या. सुट्या तेलावर मात्र घटकांची यादी सहसा नसते, म्हणून पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबावं. कपड्यावर, विशेषतः पांढऱ्यावर, थेट लावू नये. व्हॅनिलीन आणि आयसोयुजेनॉल हवेने तपकिरी होतात आणि डाग जात नाही. त्यापेक्षा जुन्या पद्धतीने कापसाचा फाया खिशात किंवा रुमालाच्या घडीत ठेवावा, आणि कुपी उजेडापासून दूर, कपाटात.